चौरंगावर उघडायचे पुस्तक: विन्सर मॅके यांचा संपूर्ण ‘लिटल नीमो’

टाशेन या जर्मन प्रकाशनसंस्थेने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेला आणि अलेक्झांडर ब्राउन यांनी संपादित केलेला ‘लिटल नीमो’ या चित्रकथेचा संपूर्ण संग्रह वर्षभरापूर्वी आमच्या घरी आला. पुस्तक जवळपास दीड फूट उंच आहे आणि इतके जड आहे की मांडीवर घेऊन ते फार वेळ वाचता येत नाही. टेबलावर ठेवले तर खुर्चीत बसणाऱ्याला पानाचा वरचा भाग तिरका दिसतो. बरेच प्रयोग केल्यावर आम्ही देवघरातला जादा चौरंग बाहेर काढला, त्यावर पुस्तक उघडे ठेवले आणि पोथीसमोर बसावे तसे जमिनीवर मांडी घालून बसलो. तेव्हापासून वाचन त्याच पद्धतीने चालू आहे. ही माहिती सुरुवातीलाच देण्याचे कारण असे की या पुस्तकाचा आकार ही त्याची अडचण आहे आणि ते विकत घेण्याचे सर्वांत सबळ कारणही तेच आहे.

अमेरिकन चित्रकार विन्सर मॅके यांची ही चित्रकथा 15 ऑक्टोबर 1905 रोजी ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या दैनिकाच्या रविवारच्या रंगीत पुरवणीत सुरू झाली. पुरवणीचे एक पूर्ण पान एवढी तिची जागा होती, आणि त्या काळचे वृत्तपत्राचे पान या संग्रहाच्या पानापेक्षाही मोठे असे. कथेचा सांगाडा अगदी साधा आहे. नीमो नावाचा लहान मुलगा रात्री झोपतो, स्वप्नात स्लम्बरलँड या झोपेच्या राज्याकडे निघतो, वाटेत काहीतरी विपरीत घडते आणि पानाच्या अगदी खालच्या, उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत तो जागा होतो. कधी तो पलंगावरून खाली पडलेला असतो, कधी पांघरुणात गुरफटलेला असतो, आणि आई किंवा वडील त्याला दटावत असतात. ‘हेरल्ड’मध्ये ही मालिका 1911 पर्यंत चालली, त्यानंतर विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या वृत्तपत्रात दुसऱ्या नावाने 1914 पर्यंत, आणि दहा वर्षांच्या खंडानंतर 1924 ते 1926 या काळात पुन्हा ‘हेरल्ड’च्या, म्हणजे तोवर ‘हेरल्ड ट्रिब्यून’ झालेल्या दैनिकाच्या, पानांवर आली. या तिन्ही टप्प्यांतली 549 पाने येथे एकत्र आहेत आणि सोबत ब्राउन यांचा दीर्घ सचित्र अभ्यास आहे. वृत्तपत्रीय चित्रकथांच्या संग्रहासाठीचा 2015 चा आइस्नर पुरस्कार या आवृत्तीला मिळाला.

येथे कोणीही रास्त प्रश्न विचारेल. ही पाने आता सार्वजनिक मालकीची झाली आहेत आणि त्यातली बरीचशी इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात, तर एवढे महाग आणि अवजड पुस्तक घ्यावे कशासाठी? मी स्वतः कितीतरी वर्षे ती संगणकाच्या पडद्यावरच पाहत आलो होतो आणि नीमोची मला चांगली ओळख आहे, अशीच माझी समजूत होती. पडद्यावर पूर्ण पान दिसेल असे ठेवले तर संवादांच्या फुग्यांतली अक्षरे वाचता येत नाहीत, आणि अक्षरे वाचता येतील एवढे चित्र मोठे केले तर समोर एकच चौकट उरते व पान नाहीसे होते. मॅके यांची प्रतिभा मात्र नेमकी त्या दोहोंमध्ये, म्हणजे एक चौकट आणि तिच्या भोवतालचे पान यांच्या नात्यात आहे. ते नाते चौरंगावर पुस्तक उघडल्यावर मला पहिल्यांदा दिसले.

दुसऱ्याच रविवारचे, 22 ऑक्टोबर 1905 चे पान घ्या. नीमो अळंब्यांच्या जंगलात शिरतो. सुरुवातीला अळंब्या त्याच्या डोक्याच्या थोड्या वर आहेत, मग त्या वाढत जातात, आणि त्यांच्याबरोबर चौकटींची उंचीही वाढत जाते. वाचणारा कथा वाचत असतो आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्यांना वर चढावे लागत असते. नीमोचा तोल जातो, एका देठाला धक्का लागतो आणि सारे जंगल त्याच्या अंगावर कोसळते. चौकटीचा आकार कथेने ठरवावा, ही गोष्ट आज चित्रकथा वाचणाऱ्या कोणालाही नवी वाटणार नाही, परंतु 1905 मध्ये बहुतेक चित्रकथा एकसारख्या चौकटींच्या ओळींत काढल्या जात होत्या, आणि हे पान त्या मालिकेचे अवघे दुसरे होते. पडद्यावर मी ते अनेकदा पाहिले होते, पण मान वर करून पाहण्याचा प्रसंग पडद्यावर आलाच नव्हता.

26 जुलै 1908 चे चालत्या पलंगाचे पान सर्वांत अधिक प्रसिद्ध आहे, आणि ती प्रसिद्धी योग्यच आहे. नीमोच्या पलंगाचे पाय लांब होऊ लागतात, पलंग खिडकीतून बाहेर पडतो, घरांच्या छपरांवरून ढांगा टाकत चालू लागतो, पळू लागतो आणि शेवटी चर्चच्या शिखराला अडखळून उलटतो. या पानापाशी मी फार वेळ थांबलो आणि तेथेच मॅके यांच्या कल्पनाशक्तीविषयी माझे मत बदलले. तिला ‘अमर्याद’ म्हणण्याची प्रथा आहे. त्या शब्दाने डोळ्यांसमोर उधळलेला वारू येतो, आणि येथे तसे काहीच नाही. मॅके एका वेळी एकच गोष्ट खोटी मानतात, ती म्हणजे पलंगाचे पाय वाढतात. बाकी सारे जग ते अत्यंत खरे ठेवतात. पायांचे सांधे घोड्याच्या पायांसारखे वाकतात, वजन पुढच्या पायावर येते तेव्हा पलंग त्याच बाजूला कलतो, गादी घसरते, आणि खालची घरे चौकटीगणिक नेमक्या तितक्याच अंतराने मागे सरकतात. एक अशक्य गोष्ट मान्य केल्यानंतर पुढची प्रत्येक पायरी त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे काढली आहे की आपला विश्वास कोठे ढळावा तेच कळत नाही.

हा प्रामाणिकपणा कोठून आला, याचे उत्तर त्यांच्या चरित्रात मिळते आणि ब्राउन यांनी ते समाधानकारकपणे मांडले आहे. वडिलांनी मुलाला मिशिगनमधील इप्सिलँटी येथील व्यापारी शिक्षणाच्या महाविद्यालयात घातले होते. मुलाने त्यातून वाट काढून जॉन गुडिसन या प्राध्यापकांकडे रेखाचित्रकलेचे धडे घेतले, आणि गुडिसन यांचा सारा भर भूमिती व यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) यांवर होता. त्यानंतर सिनसिनाटीमध्ये मॅके यांनी कित्येक वर्षे ‘डाइम म्युझियम’साठी, म्हणजे दहा सेंटांत नवलाईच्या गोष्टी दाखवणाऱ्या प्रदर्शनगृहासाठी, जाहिरातींची भित्तिचित्रे आणि फलक रंगवले. जत्रेतल्या वाकड्या आरशांचे, विलक्षण माणसांचे आणि प्राण्यांचे जग त्यांना तेथे रोज पाहायला मिळाले. पुढे ते वृत्तपत्रांत आले आणि 1903 मध्ये न्यूयॉर्कला ‘हेरल्ड’मध्ये रुजू झाले. ब्रुकलिनमधील ज्या भागात त्यांनी घर केले तेथून कोनी आयलंड जवळ होते, आणि त्याच सुमारास तेथे लुना पार्क व ड्रीमलँड ही हजारो विजेच्या दिव्यांनी उजळणारी करमणूक उद्याने उभी राहिली होती. स्लम्बरलँडचा राजा मॉर्फिअस याच्या राजवाड्याचे घुमट, कमानी, न संपणारे जिने आणि स्तंभांच्या रांगा पाहताना या उद्यानांची आठवण होणे अपरिहार्य आहे. या वास्तूंचे चित्रण मोठ्या पानावर पाहिले म्हणजे गुडिसन यांच्या धड्यांची किंमत कळते. कोणत्याही स्तंभावर पट्टी ठेवून पाहावी, रेषा ठरल्या बिंदूकडेच जाते.

नीमोच्या आधीचे त्यांचे कामही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे, कारण एकच गोष्ट खोटी मानण्याची त्यांची रीत तेथेच तयार झाली. 1904 मध्ये सुरू केलेल्या एका मालिकेत सॅमी नावाच्या मुलाला प्रत्येक वेळी नको त्या ठिकाणी शिंक येते आणि सर्व उद्ध्वस्त होते. एका पानात तर त्याच्या शिंकेने चौकटीच्याच चिरफळ्या उडतात. त्याच वर्षी ‘हेरल्ड’च्या भावंड दैनिकात त्यांनी ‘सायलस’ या टोपणनावाने मोठ्यांसाठी दुसरी मालिका काढली. झोपण्यापूर्वी चीज लावलेला पाव खाल्लेल्या माणसांना पडणारी भयानक स्वप्ने असा तिचा विषय होता. सॅमी नेहमी शिंकतो आणि चीज खाणारा नेहमी घाबरून उठतो, तसा नीमोही नेहमी जागा होतो. शेवट आधीच ठरलेला असल्यामुळे मॅके यांनी आपले सारे सामर्थ्य वाटेवर खर्च केले, असे मला वाटते.

1907 आणि 1908 ही या संग्रहातली सर्वांत समृद्ध वर्षे आहेत, आणि ज्याला पुस्तक थोड्या काळासाठीच मिळणार असेल त्याने प्रथम तीच पाहावीत. महाकाय झालेला नीमो मॅनहॅटनच्या गगनचुंबी इमारतींमधून वाट काढतो ते पान यातच आहे. भूक लागलेली मुले पानाच्या माथ्यावरच्या शीर्षकाची अक्षरेच ओढून काढतात आणि खातात, तेही यातलेच. 1908 च्या आरंभी येणारा ‘बिफडल हॉल’चा प्रदीर्घ भाग तर सलग वाचायला हवा. त्यात चौकटीगणिक खोलीची दिशा बदलते, जमीन भिंत होते, भिंत छत होते, आणि मुलांची शरीरे आरशात दिसावीत तशी ताणली जातात. हा भाग वाचताना आम्ही पुस्तक चौरंगावर अक्षरशः फिरवून पाहिले. सिनसिनाटीच्या प्रदर्शनगृहातले आरसे येथे वीस वर्षांच्या सरावाने सिद्ध झालेल्या हातातून परत आलेले दिसतात.

त्याच वर्षीच्या ‘शँटी टाउन’ या भागाने मला सर्वांत अधिक हलवले. नीमोला जादूची कांडी मिळते आणि तो गरिबांच्या मोडक्या वस्तीत जातो. तेथे तो घरे सुंदर करतो, बागा फुलवतो, आजारी मुलीला बरी करतो. त्याच्या राजवाड्यांत रमलेल्या वाचकाला ही वस्ती अनपेक्षित आहे. 1910 मधील मंगळयात्रा याच वृत्तीची पुढची पायरी म्हणता येईल. हवाई जहाजातून नीमो आणि त्याचे सोबती मंगळावर पोहोचतात, तर तेथे सारा ग्रह एकाच मालकाच्या ताब्यात असतो आणि श्वास घेण्याची हवासुद्धा लोकांना विकत घ्यावी लागते. बोलायचे तर शब्दांचेही पैसे मोजावे लागतात. लहान मुलांच्या रविवारच्या पानावर, इतक्या देखण्या रंगांत, मॅके यांनी हे काढले. पहिल्या वाचनात यंत्रे आणि इमारती पाहत मी पुढे गेलो होतो. हवा विकत घेणाऱ्यांच्या रांगेकडे माझे लक्ष दुसऱ्या वेळी गेले.

रंगांविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. ‘हेरल्ड’चा छापखाना त्या काळी रंगीत छपाईसाठी नावाजलेला होता आणि मॅके आपल्या रंगांबाबत अतिशय दक्ष असत. रात्रीचा निळा, पहाटेचा गुलाबी आणि राजवाड्यांचा मंद पिवळा हे रंग या आवृत्तीत सौम्य राहिले आहेत, त्यांना आजच्या छपाईचा भडकपणा आलेला नाही. फ्लिप या पात्राचा हिरवा चेहरा पानावर कोठेही असला तरी डोळा प्रथम तिकडे जातो, आणि कथेतही त्याचे काम तेच आहे. तोंडात चिरूट आणि डोक्यावर ‘वेक अप’ असे लिहिलेली उंच टोपी घालून तो मार्च 1906 मध्ये येतो आणि नीमोची स्वप्ने मोडत राहतो. पुढे तो मित्र होतो. मला तो संपूर्ण मालिकेतला सर्वांत जिवंत माणूस वाटतो, कारण नीमो स्वतः फार सालस आणि काहीसा कोरा आहे. त्याच्या नावाचा लॅटिन अर्थ ‘कोणीही नाही’ असा आहे आणि चेहरा मॅके यांच्या रॉबर्ट या मुलाचा आहे.

दोष सांगितल्याशिवाय हे परीक्षण पूर्ण होणार नाही, आणि त्यातला पहिला गंभीर आहे. 1907 पासून कथेत इम्पी नावाचे पात्र येते. गवताचा घागरा, जाड ओठ, निरर्थक बडबड असे त्याचे रूप आहे, आणि आफ्रिकी माणसांची जी अपमानकारक प्रतिमा त्या काळच्या अमेरिकन वृत्तपत्रांत सर्रास छापली जाई, तिचेच ते चित्र आहे. मॅके यांनी सिनसिनाटीतही याच प्रतिमेवर एक मालिका काढली होती, तेव्हा हे एखाद्या पानापुरते घडले असे म्हणता येत नाही. चौकटीतल्या प्रत्येक खांबाकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या कलावंताने एका माणसाकडे मात्र पाहिलेच नाही, याचे दुःख वाचताना पुन्हा पुन्हा होते. संपादकांनी पाने वगळली नाहीत, हे योग्य झाले. मुलांना हे पुस्तक द्यायचे असेल तर शेजारी बसून ही गोष्ट त्यांना समजावून सांगणे मोठ्यांचे कर्तव्य आहे.

दुसरा दोष संवादांचा आहे. मॅके आधी चित्र काढत आणि मग उरलेल्या जागेत फुगा बसवत, असेच पानोपानी दिसते. अक्षरे कोंबलेली आहेत, ओळी कडेला येऊन तुटतात, आणि वाक्येही बहुधा ‘अरे, हे काय झाले’ यापलीकडे जात नाहीत. सगळा मजकूर मोठ्या लिपीतल्या इंग्रजीत असल्यामुळे मराठी माध्यमातल्या मुलाला तो एकट्याने वाचणे अवघड जाईल. परंतु माझा अनुभव असा की पान पाहत असताना जे दिसेल ते आपल्या शब्दांत सांगत गेले तर काहीही हरवत नाही. सुरुवातीच्या काही महिन्यांत चौकटींखाली जे निवेदन छापले जात असे, ते तर मी आता वाचतच नाही.

हर्स्ट यांच्याकडच्या वर्षांत आणि 1924 नंतरच्या पुनरागमनात पानाची रचना आखडलेली आहे. शेवटच्या टप्प्यात तर चौकटी जवळजवळ सारख्या मापाच्या होतात. हात तोच आहे, रेषा तितकीच स्वच्छ आहे, पण पान मात्र श्वास घेत नाही. मधल्या काळात मॅके यांचे मन दुसरीकडे गेले होते. 1911 मध्ये त्यांनी नीमोच्याच पात्रांना सुमारे चार हजार चित्रांच्या साहाय्याने पडद्यावर हलवले, 1914 मध्ये गर्टी नावाची डायनोसॉर मादी रंगमंचावरच्या प्रयोगात आणली आणि 1918 मध्ये ‘लुसिटानिया’ जहाज बुडाल्याच्या घटनेवर सुमारे पंचवीस हजार चित्रांचा चित्रपट केला. दुसरीकडे हर्स्ट यांनी त्यांना अग्रलेखांसोबतची व्यंग्यचित्रे काढण्याच्या कामाला बांधून घातले. तेवढ्या वर्षांत आणखी किती 1908 होऊ शकली असती, हा विचार संग्रहाचा शेवटचा भाग चाळताना मनातून जात नाही. मॅके 1934 मध्ये वारले.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात सांगतो. मी घेतलेली प्रत वापरलेली होती आणि घरी पोहोचेपर्यंत तिच्या खोक्याचा एक कोपरा चेपला होता, म्हणून मागवणाऱ्याने पुस्तक कसे बांधून पाठवणार हे आधीच विचारून घ्यावे. कपाटाच्या नेहमीच्या फळीवर ते उभे राहत नाही, आणि आडवे ठेवले नाही तर एवढ्या वजनाने बांधणी सैल होण्याची भीती आहे. हात धुऊन, कोरडे करून बसावे आणि पान वरच्या कोपऱ्यातून उलटावे. ज्यांना 549 पानांची गरज वाटत नाही त्यांनी केवळ 1905 ते 1909 या वर्षांचा खंड मिळाला तरी तो निःशंकपणे घ्यावा, मात्र लहान आकाराची कोणतीही आवृत्ती घेण्यापूर्वी चालत्या पलंगाचे पान उघडून त्यातली अक्षरे चष्म्याशिवाय वाचता येतात का, ते पाहावे.

आमच्या घरी हे पुस्तक वाचण्याचा एक नियम ठरून गेला आहे. माझ्या भाचीची सात वर्षांची मुलगी दर रविवारी सकाळी येते आणि आम्ही एकच पान उघडतो, जसे ते मूळ वाचकांना मिळत असे. या हिशेबाने संग्रह संपायला साडेदहा वर्षे लागतील. नीमोला स्लम्बरलँडच्या राजकन्येपर्यंत पोहोचायला 1906 चा उन्हाळा उजाडला, म्हणजे त्या वाचकांनी आठ-नऊ महिने वाट पाहिली, आणि आमच्याकडेही तितकीच वाट पाहिली गेली. मधल्या काळात ती फ्लिपच्या टोपीवरचे दोन शब्द वाचायला शिकली आणि तो चौकटीत आला की रागाने मोठ्याने म्हणू लागली. ज्या रविवारी नीमो आणि राजकन्या अखेर समोरासमोर आले, त्या दिवशी तिने खालच्या कोपऱ्यातली ती छोटी चौकट तळहाताने झाकून धरली आणि आज तेवढे वाचायचे नाही असे मला बजावले.